मोडीत गेलेलं हलकं भांडं

बसम्मा आधी भांड्याला टिचकी मारते, मग माणसाकडं बघते. सिरसाळ्याच्या पेठेत हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी त्याचा राग धरत नाही. तिच्या हिशेबानं पितळ लांबवर बोलतं, तांबं घुमतं, स्टील टणकतं आणि जर्मन खोकतं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, पण तो शब्द पेठेत कुणी वापरत नाही. तीस वर्षं झाली, दुकानाच्या उंबऱ्याशी एका बुटक्या पाटावर ती बसते. समोर लाकडी ठोकळा, हातात छन्नी आणि अंगठ्याएवढी हातोडी. लोक भांडी घेतात, ती त्यावर नावं घालून देते. आणि जुन्या भांड्यांची मोड घेऊन कुणी आलं, तर ती मोड आधी तिच्या पुढ्यात येते. कोणता धातू, किती निखळ, किती भेसळ, हे ती सांगणार आणि मगच ते तराजूत पडणार.

त्या सोमवारी बाजार भरला होता. मे महिन्याचं ऊन, लग्नाची धांदल, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तेवढ्यात वनमाला थावरे डोक्यावर गोणी घेऊन आली. पेठेपासून कोसभरावर तिचं शेत आणि शेतातच घर. तिनं गोणी पालथी केली. पोचे पडलेली दोन पातेली, एका कानाची कढई, गळका तांब्या. आणि सगळ्यात वर एक राखाडी, उभट भांडं. बाजूला तारेच्या दोन मुठी, दुमडून अंगाला चिकटणाऱ्या. बुडावर निळे, जांभळे, मधूनच सोनेरी पट्टे.

“हे कुठलं गं?” बसम्मानं विचारलं.

“पोरीचं हाय काकू. ऋतुजाचं. डोंगर चढायला जाती ना ती, तिकडंच नेती. आता बघा की, जाळावर काय ठिवलं न काय ठिवलं, असं निळंजांभळं पडलं. साप चावून इख चढल्यावानी. घासून घासून माझी बोटं गेली, डाग काही जाईना. ह्याच्यात खाईल पोरगी?”

बसम्मानं टिचकी मारली. भांडं ‘टप्’ म्हणालं आणि गप्प बसलं. तिनं तळहातावर झेललं. वजनच नाही. वाळलेलं पान ठेवल्यासारखं. लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. छन्नीचं टोक फिरवलं, तर जर्मनवर उठतो तसा पांढरा ओरखडा उठला नाही. टोक नुसतं सरकलं.

इथं तिनं थांबायला हवं होतं. हात तिला सांगत होता. पण समोर सहा गिऱ्हाईकं उभी, प्रत्येकाला घाई, आणि ‘मला हे ओळखू येत नाही’ हे वाक्य बसम्मानं तीस वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं.

“पत्रा हाय, पत्रा,” ती मोठ्यानं म्हणाली. “भांडं घ्यावं तर हाताला कळावं की आपण काय तरी धरलंय. असल्या हलक्या मालावर माणसं फसत्यात. टाक जर्मनच्या गोणीत.”

वनमालाला तेच ऐकायचं होतं. तिनं मोडीच्या बदल्यात पोरीसाठी स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घेतलं, झाकणासकट. दोन्ही हातांनी उचलावं लागणारं. बसम्मानं त्यावर टिंब टिंब टिंब असं नाव घातलं: कु. ऋतुजा बजरंग थावरे. अक्षर इतकं गोल, की वनमालानं पदरानं पुसून तीनदा बघितलं. पोरगी परक्या मुलखात, बर्फात जाणार. आईनं तिला धड भांडं दिलं. घरी गेली तेव्हा तिचा जीव निवला होता.

संध्याकाळी मोडीचा टेम्पो आला आणि गोण्या घेऊन मांजरसुंब्याला गेला.

*

आता ही बसम्मा कोण, ते सांगायला हवं. नाहीतर पुढं ती जे बोलली, त्याची किंमत कळायची नाही.

माहेर भालकीकडचं, घरात कानडी. लग्न होऊन सिरसाळ्याच्या भांड्यांच्या दुकानात आली तेव्हा तिला मराठी बोलायला येत नव्हतं आणि लिहायला कुठलीच भाषा येत नव्हती. नावं घालायचं काम नवऱ्याचं, चन्नप्पाचं. लग्नाला पाच वर्षं झाली आणि तो तापानं गेला. ऐन लग्नसराई होती. दुकानात नावं घालायची राहिलेली घागरी-परातींची चळत उभी, आणि दीर म्हणत होता, परळीहून माणूस बोलवू. बसम्मा दुपारी दुकान मिटल्यावर आत जाऊन बसायची. जुन्या झाकणावर चन्नप्पाची अक्षरं बघून बघून गिरवायची. ‘क’ कसा वळतो, ‘ळ’ला किती गाठी. अशी तिची बाराखडी. शाळा नाही, पाटी नाही, झाकण आणि छन्नी.

पंधरवड्यानं तिनं पहिली घागर पुढं केली आणि दुकानात गलका उडाला. नवरीच्या आहेराच्या भांड्यावर विधवेच्या हातानं नाव? एका शहाण्यानं घागर उचलून दुसरीकडं नेली. त्या दुसऱ्यानं असं वेडंवाकडं नाव घातलं, की आहेर मांडल्यावर वऱ्हाडी हसले. तोच शहाणा पुढच्या वर्षी धाकट्या पोरीची भांडी घेऊन बसम्मापुढं उकिडवा बसला होता. बसम्मानं त्याला सगळ्यांच्या शेवटी उरकलं. तिला विसरायला येत नाही.

पुढं एकदा एक बाप्या मोड घेऊन आला. चांगली चकचकीत भांडी. बसम्मानं बोट फिरवलं, आपलंच अक्षर. तिनंच घातलेलं त्याच्या बायकोचं नाव. बायको बाळंतपणाला माहेरी, आणि हा तिचा संसार विकायला आलेला. बसम्मानं भांडी मांडीखाली घेतली आणि म्हणाली, “जिचं नाव हाय तिला घिऊन ये.” तेव्हापासून दुकानाचा नियम झाला. नाव असलेलं भांडं त्या नावाच्या माणसाला विचारल्याशिवाय मोडीत घ्यायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण गेल्या वीस वर्षांत कुणी मोडला नाही.

हा पाट तिला कुणी दिला नव्हता. तिनं तो मिळवला होता. आणि आता दिराचा मुलगा बसवेश्वर दुकान बघायला लागल्यापासून नावं घालायचं, विजेवर चालणारं एक मशीन आलं होतं. पेनासारखं, घुर्रर्र करणारं. ‘काकू, आता आराम करा,’ असं तो महिन्यातून एकदा तरी म्हणायचा. त्याचं प्रेम नव्हतं असं नाही. पण पाटाची जागा त्याला काचेच्या कपाटासाठी हवी होती, हे बसम्माला पक्कं ठाऊक होतं.

*

मंगळवारी दिवस कलता कलता ऋतुजा आली. डोंगरावर जायला लागणारा डॉक्टरचा दाखला घेऊन अंबाजोगाईहून दुपारी निघालेली, घरी जाऊन तशीच उलट पेठेत. वीस-एकवीसची पोर, उन्हानं रापलेली, खांदे ताठ. तिनं ते स्टीलचं पातेलं बसम्मापुढं ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलं.

“मावशी, मपलं भांडं कुठंय?”

“हेच की तुपलं. नाव वाच.”

“हे घिऊन मी बर्फात चढू?”

“कावून? जाड बुडाचं हाय. नातवंडाला पुरंल.”

“अवो, तिथं बारा दिवस सगळं पाठीवर असतं. तंबू पाठीवर, अंथरूण पाठीवर, शिधा पाठीवर. वजन नको म्हणून आमी दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापून टाकतो.”

“मंग दातं बी काढून ठिवा की घरी,” बसम्मा म्हणाली, आणि दुकानात दोघं-तिघं हसले.

ऋतुजा हसली नाही. “मावशी, ते टायटॅनियम हाय. इमानात वापरतात तो धातू. सुंदरराव सरपंचाच्या मांडीत रॉड घातलाय ना, तो बी त्याचाच. गंजत न्हाई, चिरत न्हाई. अन् ते मपलं न्हाई, मोहिनीताईचं हाय. तिनं धा वरसं पाठीवर वागवलंय.”

मग तिनं सगळं सांगितलं. पुण्याची मोहिनीताई लोकांना डोंगरांवर घेऊन जाते. दोन वर्षं ऋतुजा तिच्याबरोबर सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर सामान उचलत होती, स्वैपाक करत होती. आता पहिल्यांदाच ताईनं तिला उत्तराखंडला बरोबर घेतलं होतं, मदतनीस म्हणून. बारा माणसं सांभाळायची. मागच्या महिन्यात ताईनं स्वतःचं भांडं तिच्या हातात दिलं. सराव कर म्हणाली, येताना घेऊन ये. गुरुवारी पहाटे परळीहून गाडी.

“बारा माणसं सांभाळायला निघाले अन् एक भांडं सांभाळता आलं न्हाई,” ऋतुजा म्हणाली. “काय तोंड दाखवू?”

बसम्माच्या हातातली हातोडी थांबली. माणसाच्या हाडात घालतात तो धातू, आणि आपण म्हणालो पत्रा.

“तुपल्या आयनं आणलं म्हणून घेतलं मी,” ती पुटपुटली. तिला माफी मागायची सवय नव्हती, म्हणून तोंडातून हे निघालं.

बसवेश्वर तराजूमागून बोलला, “जाऊ द्या काकू. वय झालं की होतं असं. हात सांगायचा बंद होतो.”

झालं. बसम्मा पाटावरून उठली. गुडघ्यावर हात न टेकता उठली, ते सगळ्यांनी बघितलं.

“ऐक बसवेश्वरा, अन् तुमी बी ऐका. उद्या सांजेपतुर ते भांडं ह्या पाटावर आणून ठिवलं न्हाई, तर ही छन्नी तुझ्या हातात दीन. पुन्यांदा ह्या दुकानात नाव घालणार न्हाई. मांड तुझं कपाट.”

बसवेश्वरालाही हे इतकं नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि सिरसाळ्यात शब्द दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पोचतो.

*

बुधवारी सकाळच्या यष्टीनं दोघी निघाल्या. बायकांचं अर्धं तिकीट. तेलगाव, वडवणी, बीडला गाडी बदलून मांजरसुंबा. बसम्मानं खिडकी धरली. ऋतुजाचा फोन दोनदा वाजला. तिनं नाव बघून तो तसाच वाजू दिला.

“कोण हाय?”

“मोहिनीताई.”

“सांगितलं न्हाई अजून?”

“काय सांगू?”

बसम्मा खिडकीबाहेर बघायला लागली.

मांजरसुंब्याला चारी बाजूंनी ट्रक येतात, ढाब्यांवर टेकतात आणि चारी बाजूंना जातात. ढाब्यांच्या मागं बंकटशेठचं मोडीचं गोदाम. पत्र्याची शेड, पुढं मोकळं अंगण, तिन्ही बाजूंनी माणसाच्या दीडपट उंच भिंत. आत ढीग. डोंगराएवढाले. तीस वर्षं तिच्या हातून मोड गेली होती, ती जाते कुठं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. घागरी, हंडे, डबे, तांबे, सगळे एकावर एक पडलेले. कुणाकुणाच्या रुखवतातले.

बंकटशेठ खाटेवर बसून कलिंगड खात होता. ऐकून घेतलं आणि बी थुंकून म्हणाला, “बाई, तुमचा टेम्पो परवाच आला. माल निवडून झाला. जर्मनचा ट्रक आज सकाळी भट्टीला गेला. आता तुमचं भांडं अन् शंभर गावांचे टोप एकाच कढईत.”

ऋतुजा होती तिथंच मातीत बसली. रडली नाही. नुसती बसली.

बसम्मा मात्र हलली नाही. “निवडलं कुणी?”

“केसरबाईनं. ती बघा, तिकडं.”

कोपऱ्यात ताडपत्रीच्या सावलीत एक वाळकी, काळी बाई पोत्यावर बसली होती. डोक्याला फडकं. पुढं नवीन गोणी ओतलेली. ती हाताला येईल ते भांडं उचलायची आणि न बघता फेकायची. पितळ डावीकडं, तांबं जवळ, स्टील समोर भिंतीकडं, जर्मन उजवीकडं. फेकताना तोंडानं बाजूच्या बाईशी सुनेच्या तक्रारी चालू. पण एकही भांडं दुसऱ्याच्या ढिगात पडत नव्हतं. बसम्मा उभी राहून बघतच राहिली. कुणाचं काम बघून ती अशी थांबली नव्हती, बऱ्याच वर्षांत.

“बघून कावून टाकत न्हाईस?”

“बघायचं काय त्याच्यात? हातात आलं की हात वळखतो. कुठला धातू कुठं पडतो, किती जोर लावायचा, हाताला कळतं. तुमी कोण?”

“सिरसाळ्याची भांडेवाली. बसम्मा.”

केसरबाईचा हात थांबला. “नावं घालता त्याच का तुमी?”

“तुला कसं ठाव?”

“अगं बाई, मला वाचता येत न्हाई, पण तुमची टिंबं मी अंगठ्यानं वळखती. तुमच्या भांड्यावर पोरगी जिवंत नांदल्यावानी वाटतं. बाकीच्यांची अक्षरं म्हणजे कोंबडीनं उकरल्यावानी.”

एरवी बसम्मा या वाक्यावर आठवडाभर जगली असती. आज तिला वेळ नव्हता. तिनं भांड्याचं वर्णन केलं. उभट, राखाडी, दुमडणाऱ्या मुठी, बुडाला निळं. जर्मनच्या गोणीत होतं म्हणून सांगितलं.

“गोणीचं सोडा. दुकानवाल्यांच्या गोणीवर मपला भरोसा न्हाई, मी सगळी ओतून पुन्यांदा निवडती,” केसरबाई म्हणाली. मग कपाळाला आठी घालून थांबली आणि एकदम मांडीवर थाप मारली. “ते कार्टं! अगं, त्यानंच तर मपली फेक चुकवली!”

“म्हंजी?”

“हात अडखळला म्हणून एकदा बघितलं, तर रंगावरून वाटलं स्टील. म्हणून स्टीलच्या जोरानं फेकलं. तर ते ढिगावर पडंना की, गेलं उडत भित्ताडावरून पल्याड! चिमणी उडाल्यावानी. बारा वरसं झाली इथं बसून. मपली फेक कधी चुकत न्हाई. काल चुकली, म्हणून तर ध्यानात ऱ्हायली. बंकटशेठला बोलले न्हाई मी. हसला असता.”

बसम्मा तिच्या शेजारी पोत्यावर टेकली. आणि मग तिच्या तोंडून एक वाक्य गेलं. दुकानात गेलं नव्हतं, बसमध्ये गेलं नव्हतं.

“मपली बी पारख त्यानंच चुकवली बाई. हात सांगत हुता, येगळं हाय म्हणून. मी ऐकलं न्हाई.”

“चार माणसं उभी असतील म्होरं,” केसरबाई म्हणाली.

“सहा.”

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. ऋतुजा एव्हाना भिंतीकडं पळाली होती.

*

भिंतीच्या पलीकडं वेड्या बाभळींचं रान. ढाब्यांचा कचरा, प्लॅस्टिक, फुटक्या बाटल्या, आणि बोटभर काटे. दुपारचं ऊन डोक्यावर. ऋतुजा पोटावर सरपटत झुडपांखालून शोधायला लागली, केसरबाई काठीनं फांद्या उचलून धरायची, बसम्मा बाहेरून सांगायची. “डावीकडं बघ. ते न्हाई, तो डबा हाय. जरा म्होरं. अगं, काटा बघ!” अर्धा तास गेला. ऋतुजाच्या दंडावर लाल रेघा उमटल्या. जमिनीवर काही म्हणजे काही नव्हतं.

शेवटी बसम्मा कंटाळून मागं सरली, पदरानं मान पुसायला तिनं तोंड वर केलं आणि तिला वर काहीतरी निळं चमकलेलं दिसलं.

भांडं खाली पडलंच नव्हतं. बाभळीच्या शेंड्याशी, करंगळीएवढ्या फांदीच्या बेचक्यात ते पालथं अडकलं होतं. बुडावरचे ते निळेजांभळे पट्टे उन्हात लखलखत होते. वनमालाला जे विषासारखं वाटलं होतं, त्यानंच ते सापडलं. आणि फांदी वाकलीसुद्धा नव्हती. स्टीलचं पातेलं असतं तर फांदी मोडून जमिनीत रुतलं असतं.

“पोरी,” बसम्मा म्हणाली, “खाली कशाला शोधतीस? हलकं हाय ते. वर बघ.”

काठीनं ढोसलं, भांडं ऋतुजाच्या ओंजळीत पडलं. एक पोचा, दोन ओरखडे. तिनं ते छातीशी धरलं आणि मग तिला रडू आलं.

केसरबाईनं तीन दगड मांडले. “चहा घिऊन जावा. त्याच्यातच करू. बघू तरी काय गुण हायत.” काटक्या पेटवल्या, पाणी ठेवलं. साखरेचा पुडा सोडवेपर्यंत पाण्याला बुडबुडे.

“आगं आई!” केसरबाई म्हणाली.

बसम्मानं आपला वाटा त्याच भांड्यातून घ्यायचा हट्ट धरला. कडेला ओठ लावला आणि चटकन मागं आली. “भाजलं की! ह्याला जाड कड कुठाय? आन् भात? भात हुतो का ह्याच्यात?”

“न्हाई,” ऋतुजानं कबूल केलं. “पातळ हाय ना. मधी करपतो, कडंला कच्चा ऱ्हातो.”

“मंग!” बसम्माचा चेहरा दोन दिवसांनी उजळला. “मी म्हणत न्हवते? भांडं म्हणजे जाड बुडाचं.”

“पर पाणी उकळतं मावशी. तिथं बर्फ वितळवून प्यायचं असतं. पाणी उकळलं की माणूस वाचतो. आन् हे निळं, हा डाग न्हाई. जाळ लागला की धातूच रंग बदलतो. मोहिनीताई म्हणती, जितक्या चुली तितके रंग.”

बसम्मानं बुड बघितलं. बोट फिरवलं. गुळगुळीत. मग भांडं फिरवून फिरवून बघितलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“ह्याच्यावर नाव न्हाई.”

“न्हाई.”

“म्हणून गेलं हे. नाव असतं तर तुला इच्यारल्याबिगर मी घेतलंच नसतं.” ती उठली. “चल. यष्टी चुकंल.”

*

दिवस मावळायच्या आत दोघी सिरसाळ्यात पोचल्या. पेठेत बातमी आधीच फिरली होती, म्हणून दुकानात विकत घेणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त. वनमाला एका कडेला उभी, ते जाड पातेलं पोटाशी धरून. ऋतुजानं भांडं पाटावर ठेवलं.

बसवेश्वर म्हणाला, “मानलं काकू तुमाला. तुमची पारख—”

“गप,” बसम्मा म्हणाली. “पारख चुकली हुती. भांडं सापडलं ते मांजरसुंब्याच्या केसरबाईमुळं. मला हे वळखलं न्हाई, आन् वळखलं न्हाई असं सांगायची मला लाज वाटली. चूक मपली हाय. वनमाला, तुपली न्हाई गं. तू पोरीसाठी केलंस.”

वनमालानं पदर तोंडाला लावला. “हे पातेलं मी घरीच ठिवते,” ती लेकीला म्हणाली. “आलीस की त्याच्यात तुला शिरा करते.”

“तेवढ्या शिऱ्याच्या आशेवर बर्फात बारा दिवस काढीन,” ऋतुजा म्हणाली, आणि मग तिनं बाजूला जाऊन फोन लावला. सगळं सांगितलं. मोड, टेम्पो, बाभळ, काहीच लपवलं नाही. मोहिनीताईच्या हसण्याचा आवाज फोनमधून पाटापर्यंत आला. बसम्मानं हात पुढं केला. “दे इकडं.”

“बाई, मी बसम्मा. भांड्यावर नाव घालायचंय. तुमचं घालू का पोरीचं?”

“दोघींचं घाला की,” पलीकडून आवाज आला. “मलाही ते माझ्या गुरुबाईंनी दिलं होतं. आधी माझं, खाली ऋतुजाचं. आता ते तिच्याकडंच राहू दे. जे भांडं शोधायला ती काट्यात शिरली, ते मी परत घेऊन काय करू?”

बसम्मा पाटावर बसली. ठोकळ्याला फडकं गुंडाळून भांड्यात सरकवलं, छन्नी धरली, हातोडीचा एक हलका ठोका दिला. टोक घसरलं. दुसरा ठोका. पत्रा कागदासारखा पातळ, आत दबून परत उसळला, पण टिंब उमटलं नाही. जोर केला तर आरपार जाईल. तिनं छन्नीचं टोक डोळ्याजवळ नेलं. बोथट झालं होतं. चन्नप्पाच्या हातची छन्नी.

परवाची बसम्मा असती तर तिनं तिसरा ठोका मारला असता.

“बसवेश्वरा,” ती म्हणाली, “दे तुझं ते मशीन.”

त्यानं लगबगीनं वायर लावली. “मी घालू का?”

“तुपलं अक्षर बघितलंय मी. नुसतं चालू कसं करायचं ते सांग.”

मशीन घुर्रर्र करायला लागलं तशी ती जरा दचकली, मग मनगट ठोकळ्यावर टेकवून तिनं श्वास धरला. छन्नीला ठोका लागतो, याला नुसता धीर. पहिली मात्रा थरथरली. ‘ह’पर्यंत हात बसला होता. मोहिनी. खाली, जरा जागा सोडून, ऋतुजा. तो ‘ऋ’ तिनं आयुष्यात मोजून पाच-सहा वेळा घातला असेल, पण त्याची पाठ तिनं अशी वळवली, की बसवेश्वरानं मान हलवली. ना कु., ना बापाचं नाव, ना आडनाव. बसम्माच्या हातून असं नुसतं नाव आजवर गेलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही की बाकीचं कुठंय.

पण बसवेश्वराच्या नजरेनं एक गोष्ट टिपली. बसम्मा नाव घालते ते नेहमी भांड्याच्या बरोबर मध्यावर, दोरी लावल्यासारखं. ही दोन नावं मात्र वर, कडेला चिकटून होती. खाली सगळं रिकामं.

“काकू, वर गेलं की हो. हात चुकला काय?”

बसम्मानं भांडं फडक्यानं पुसलं, मुठी दुमडल्या आणि ऋतुजाच्या हातात दिलं.

“चुकला न्हाई,” ती म्हणाली. “हिच्यामागं कोण तरी पोरगी येईलच की. जागा लागंल.”

मग तिनं बोथट छन्नी बसवेश्वरापुढं धरली. तो क्षणभर गांगरला.

“देत न्हाई मी ती. धार लावून आण. उद्या तीन लग्नांच्या घागरी हायत.”